घरच्यांना त्रास नको म्हणून

तुकड्याचा, म्हणजे बायॉप्सीचा, रिपोर्ट हातात पडला की बऱ्हाणपुरातल्या घरात पहिली चर्चा रोगाची होत नाही, गावाची होते. इंदूरला न्यायचं, जळगावला दाखवायचं की सरळ मुंबई गाठायची? इंदूर म्हणजे असीरगडाच्या पायथ्यावरून, पुढे नर्मदा ओलांडून सुमारे १८० किलोमीटर. मुंबई म्हणजे लालबागच्या स्टेशनावरून भुसावळमार्गे सुमारे ५०० किलोमीटर. जळगाव त्या मानाने जवळ, आणि निम्म्या गावाची सोयरीकही तिकडचीच. मामा म्हणतो टाटा, मेहुणा म्हणतो इंदूर, आणि ज्याला गाठ आली आहे तो माणूस कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत राहतो.

हा लेख त्या पहिल्या धावपळीबद्दल नाही. ती कशीबशी पार पडते, कारण तेव्हा सगळं गणगोत उभं असतं. प्रश्न येतो तिच्यानंतरच्या महिन्यांचा. डॉक्टर ठरलेले असतात, केमो लागू पडत असते, गाठ आकसलेली असते, सोनोग्राफी पाहून डॉक्टरांनी मान डोलावलेली असते. लोक म्हणतात, 'आता काय, सुटलात!' पण उपचार संपलेले नसतात. केमोच्या अनेक औषधांचं चक्र २१ दिवसांचं असतं. त्यातला एक दिवस, फार तर दोन-तीन दिवस, रुग्ण दवाखान्यात असतो आणि उरलेले दिवस घरी. म्हणजे या आजाराचा बराचसा काळ डॉक्टर पाहतच नाहीत. तो पाहते बायको, सून, मुलगा किंवा शेजारीण.

याच काळात एक गोष्ट घराघरांत घडते, आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. रुग्ण बोलेनासा होतो. त्याच्या डोळ्यांसमोर सगळं असतं. मुलाने पॉवरलूमवरची पाळी बुडवलेली असते, पत्नीने दवाखान्याच्या व्हरांड्यात चटईवर रात्री काढलेल्या असतात, सून त्याच्यासाठी बिनतिखटाचं वेगळं शिजवते, आणि कपाटातली पाटलीची डबी हलकी झालेली असते. त्याचा जीव या माणसांच्या उपकाराने भरून येतो. त्या भरल्या मनानेच तो ठरवतो, की आणखी काही सांगायचं नाही. रात्री अंग कढत लागलं तरी गप्प. तळपाय बधिर होऊन चप्पल कधी निसटली तेही कळलं नाही, तरी गप्प. चार दिवस पोट साफ नाही, तरी गप्पच. 'आधीच एवढं करतात माझ्यासाठी, त्यांना अजून काय त्रास द्यायचा?'

हा चांगुलपणा आहे यात शंका नाही. पण उपचार चालू असताना इतका धोकादायक चांगुलपणा दुसरा नाही.

याला पुरावा आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात, रोग शरीरात पसरलेल्या ७६६ रुग्णांचा एक अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सगळ्यांची केमो नेहमीसारखीच चालू होती. एका गटाला फक्त एवढंच जास्त करायचं होतं: मळमळ, वेदना, धाप, थकवा अशा तक्रारी संगणकावर नियमित नोंदवायच्या. तक्रार वाढली की नर्सला सूचना जायची. नोंदवणारे रुग्ण मध्यकानुसार सुमारे ३१ महिने जगले, नेहमीच्या पद्धतीने तपासणीला येणारे २६ महिने. नवं औषध नव्हतं, महागडं यंत्र नव्हतं. त्रास वेळेवर कळत होता, म्हणून वेळेवर आवरता येत होता. बऱ्हाणपुरातल्या घरात संगणक नसला तरी चालेल. तिथे हे काम चाळीस पानी वही करते.

वही अशी ठेवावी. डाव्या पानावर तारीख आणि केमोनंतरचा कितवा दिवस. त्याखाली सकाळ-संध्याकाळचं तापमान, आठवड्यातून एकदा वजन, उलट्या किती, जुलाब किती वेळा, पोट साफ झालं की नाही, तोंडात फोड आले का, झोप लागली का. वाक्यं लिहीत बसायचं नाही. 'ताप ९९, उलटी २, जेवण अर्धी पोळी' एवढं पुरतं. उजवं पान डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांसाठी मोकळं सोडायचं. ओपीडीत नंबर लागेपर्यंत तीन तास जातात आणि डॉक्टरांसमोर हाती येतात मोजकी मिनिटं. त्या मिनिटांत 'बरंय, ठीक आहे' असं बोलून उठून यायचं नसेल, तर ही वही पुढे सरकवावी. वही शाळकरी नातवाकडे किंवा नातीकडे दिली तर उत्तम. मुलं आकडे चुकवत नाहीत, आणि आजोबा 'काही नाही गं' म्हणाले तरी थर्मामीटर लावल्याशिवाय हलत नाहीत.

थर्मामीटरचा विषय निघालाच आहे तर तापाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण केमो चालू असताना घरी येणाऱ्या संकटांत सगळ्यांत मोठं हेच. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली येतात. जंतूंशी लढणारी फौज तेव्हा जवळपास नसते. त्या दिवसांत १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप आला, तर तो साधा ताप समजायचा नाही. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत वाट पाहायची नाही, कारण गोळीने आकडा उतरतो आणि आत संसर्ग पसरत राहतो. थंडी वाजून हुडहुडी भरली, रुग्ण गुंगीत बोलायला लागला, लघवी कमी झाली, तर आकडा कितीही असो, निघायचं. अशा रुग्णाला शिरेतून अँटिबायोटिक लवकरात लवकर, शक्यतो पोहोचल्यापासून तासाभरात, सुरू व्हायला हवं असतं.

इथे बऱ्हाणपूरकरांची खास अडचण येते. उपचार मुंबईचे, फाईल मुंबईची, त्यामुळे ताप आला की घरचे मुंबईची गाडी पाहायला लागतात. ते अजिबात करू नये. केमोची पहिली फेरी घेऊन परततानाच ठरवून टाकावं, की रात्री दोनला ताप आला तर गावातल्या कोणत्या दवाखान्यात जायचं, गाडी कोणाची, सोबत कोण. त्या डॉक्टरांना आधीच एकदा भेटून फाईलची झेरॉक्स देऊन ठेवावी. केमोच्या औषधांची नावं आणि शेवटच्या केमोची तारीख एका कागदावर लिहून तो दाराजवळ अडकवावा. तिथे पोहोचल्यावर पहिलं वाक्य हेच: 'यांची केमो चालू आहे, आज दहावा दिवस आहे, ताप आहे.' उपचार सुरू झाले की मग मुंबईला फोन.

आता घरात कुणाला काय सांगायचं, याबद्दल. मुलांपासून आजार लपवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. 'बाबा कामासाठी मुंबईला गेलेत' असं सांगितलं जातं आणि मूल स्वयंपाकघरातली कुजबुज ऐकून मनात भलतंच काही तयार करतं. अभिनेत्री सोनाली बेंद्रे यांनी जुलै २०१८ मध्ये आपल्याला पसरलेला कर्करोग असल्याचं जाहीर केलं आणि त्या न्यूयॉर्कला उपचार घेत होत्या. त्यांचा मुलगा तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांचा. त्याला कसं सांगावं याचा त्यांना घोर पडला होता, पण त्याच्याशी नेहमी खरं बोलत आल्याने याही वेळी खरंच सांगायचं त्यांनी आणि पती गोल्डी बेहल यांनी ठरवलं. मुलाने ते समजूतदारपणे घेतलं, असं त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या मुंबईला परतल्या. लहान मुलाला सांगताना तीन गोष्टी पुरतात: आजाराचं नाव, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि तो शिवल्याने होत नाही.

तिसरी गोष्ट मोठ्यांनाही सांगावी लागते, हे दुर्दैव. कर्करोग एका ताटात जेवल्याने, एका चादरीवर झोपल्याने, नातवाचा पापा घेतल्याने होत नाही. रुग्णाचं ताट-वाटी वेगळं काढणाऱ्या घरांनी ते आजच परत मांडणीत ठेवावं. एक काळजी मात्र खरी आहे. केमोची औषधं पुढचे साधारण ४८ तास लघवी, शौच, उलटीतून बाहेर पडतात. तेवढे दिवस ते साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत, संडासात दोनदा पाणी सोडावं, माखलेले कपडे वेगळे धुवावेत. घरात गर्भवती सून असेल तर हे काम तिला देऊ नये.

खाण्याबद्दल प्रत्येक नातेवाईक वेगळं बोलतो. साखर बंद करा, दूध बंद करा, फक्त रस प्या. यातलं बहुतेक ऐकून सोडून द्यावं. साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही, माणूस मात्र वाळतो, आणि वजन झपाट्याने उतरलं तर केमो पेलवत नाही. मऊ खिचडी, तूप घातलेलं वरण, ज्वारीच्या भाकरीचा दुधात कुस्करलेला काला, पूर्ण शिजलेलं अंडं, पनीर. तीन मोठ्या जेवणांऐवजी दिवसभरात सहा वेळा थोडं थोडं. केळीच्या या जिल्ह्यात तर फार शोधावंही लागत नाही. पेशी कमी असताना न शिजवलेली कोशिंबीर आणि उघड्यावर कापलेली फळं टाळायची असतात, पण केळं सालीसकट धुऊन, सोलून लगेच खाता येतं. तोंड सोललेलं असताना ते घशाखाली सहज उतरतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी तेवढं डॉक्टरांना विचारून घ्यावं. मावा जिलबीवर जीव असेल, मधुमेह नसेल, केमोसोबतच्या स्टेरॉइडने साखर चढलेली नसेल, तर कढईतून काढलेली गरम जिलबी कधीतरी जरूर खावी. महिनोन्महिने पथ्यावर असलेल्या माणसाच्या तोंडाला चव येणं ही छोटी गोष्ट नाही. मे महिन्यातल्या इथल्या उन्हात उलट्या-जुलाब सुरू झाले तर पाणी आणि ओआरएस हाताशी हवं, आणि प्यायचं पाणी उकळलेलं.

काढे आणि जडीबुटी प्रेमापोटी येतात हे मान्य. पण २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. केमोची बरीच औषधं यकृतावरच भार टाकतात. त्यामुळे मावशीने आणलेली पुडी घ्यायचीच असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावी. लपवून तर मुळीच घेऊ नये.

रेडिएशन, ज्याला गावात कुणी शेक म्हणतं तर कुणी सिकाई, त्यातून जाणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांची एक वेगळी लढाई असते आणि ती रोज आरशासमोर होते. गाल आणि जबड्याचे स्नायू आखडतात, तोंड उघडेनासं होतं. त्यावर व्यायाम सांगितलेला असतो. आइस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांच्या मधे सरकवायच्या, थोडा वेळ तसंच धरायचं, आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची. पहिल्या आठवड्यात डोळ्यांत पाणी येतं. पाचव्या-सहाव्या काडीला माणूस चिडतो, काड्या भिरकावतो. अशा वेळी शेजारी बसून काड्या मोजणारं कुणी असेल तर व्यायाम होतो, नसेल तर दोन महिन्यांनी चमचाही आत जात नाही. साधारण तीन बोटं मावतील इतकं तोंड उघडायला हवं. आणि तंबाखू, गुटखा? मध्य प्रदेशात गुटख्यावर बंदी आली १ एप्रिल २०१२ पासून. घरातली बंदी त्याहून कडक असावी, कारण निदानानंतरही तंबाखू चालू ठेवली तर उपचारांचा गुण कमी येतो.

तोंडाच्या कर्करोगाचं महाराष्ट्रातलं सर्वांत परिचित उदाहरण शरद पवारांचं. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत त्यांना निदान झालं. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशनच्या ३६ फेऱ्या झाल्या. सकाळी नऊ ते दुपारी दोन कृषी मंत्रालयाचं काम आणि मग रुग्णालय, असा दिवस असल्याचं त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. वेदना असह्य होत्या, आणि कारण तंबाखूची सवय, हेही त्यांनी लपवलेलं नाही. त्याला दोन दशकं उलटली. या उदाहरणाचा एक गैरवापर मात्र होतो. 'ते बघा, मंत्रालय चालवत होते, आणि तुम्ही झोपून!' असं घरातल्या आजाऱ्याला कुणी म्हणू नये. केमोचा थकवा आळस नसतो आणि झोपून उठल्यावरही तो जात नाही. ज्याला दुकानाच्या गल्ल्यावर दोन तास बसावंसं वाटतं त्याला बसू द्यावं, ज्याला वाटत नाही त्याला ओढू नये.

थोडं चालणं मात्र सगळ्यांनी, डॉक्टरांना विचारून, करावं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची केमो संपलेले ८८९ रुग्ण होते. तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के जण पाच वर्षांनंतर रोग न उलटता जगत होते. फक्त माहितीपत्रक मिळालेल्या गटात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के होतं. सकाळच्या गारव्यात सोबतीला कुणी असेल, तर गल्लीतल्या गल्लीत मारलेली फेरीही सुरुवातीला पुरे.

आता सोबतीच्या माणसाकडे वळू. नट शरद पोंक्षे यांना २०१८ च्या डिसेंबरात कर्करोगाचं निदान झालं. केमोच्या फेऱ्या संपवून ते २०१९ मध्येच रंगभूमीवर परतले, ते वसंत कानेटकरांच्या 'हिमालयाची सावली'मधून. महर्षी कर्वे आणि त्यांच्या पत्नी यांच्या आयुष्यावरून सुचलेलं हे नाटक मोठ्या माणसामागे उभ्या असलेल्या बाईचं आहे. आजारातून उठलेल्या नटाने उभं राहण्यासाठी याहून योग्य नाटक सापडलं नसतं.

आभार मानायला आपल्याकडे माणसं संकोचतात. 'घरच्यांचे कसले आभार?' पण सहा महिने डबे भरणाऱ्या, लाइनीत उभ्या राहणाऱ्या, रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला ते ऐकायचं असतं. मोघम नको, नेमकं बोलावं. 'परवा तू रात्री ताप मोजलास आणि लगेच नेलंस म्हणून निभावलं' या वाक्याने सांभाळणाऱ्याला दोन गोष्टी कळतात: आपलं काम दिसलं, आणि पुढच्या वेळीही तक्रार आपल्याला सांगितली जाईल. गप्प राहून केलेल्या उपकाराच्या परतफेडीपेक्षा वेळेवर सांगितलेला ताप घरच्यांना कितीतरी कमी त्रासाचा असतो. उशिरा आलेला रुग्ण अतिदक्षता विभागात जातो, आणि तेव्हा सगळं घर कोलमडतं.

कामं वाटून घ्यावीत. बऱ्हाणपुरात तब्येत विचारायला येणाऱ्यांची वाण नसते, उलट पेशी कमी असताना त्यांना दारातूनच हात जोडावे लागतात, आणि सर्दी-खोकला असलेल्यांना तर फोनवरच थांबवावं लागतं. त्यांना रागवण्यापेक्षा काम सांगावं. एकाने गुरुवारचा डबा आणावा. एकाने मुलांना शाळेतून आणावं. ज्याला कागदपत्रं कळतात त्याने आयुष्मान कार्डाचं पाहावं. त्यात पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि योजनेत सामील रुग्णालय दुसऱ्या राज्यात असलं तरी कार्ड चालतं. आणखी एकाने रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म रुग्णालयातून भरून आणावा. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत मूळ भाड्यात पूर्ण सूट आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती इथे आधी चौकशी करावी. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडे अशा जागांची यादी असते.

प्रत्येक केमोसाठी मुंबई गाठावीच लागते असंही नाही. २०१२ मध्ये टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिड उभं राहिलं. देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांनी एकसारख्या मार्गदर्शक सूचनांनी उपचार करावेत हा त्यामागचा हेतू. आराखडा मुंबईत ठरवून फेऱ्या जळगाव किंवा इंदूरला घेता येतील का, हे डॉक्टरांना उघड विचारावं. त्यांना राग येत नाही. जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रं काढण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आहे, तेव्हा आपल्या जिल्हा रुग्णालयातही अधूनमधून चौकशी करत राहावी.

शेवटचा मुद्दा सांभाळणाऱ्या बायकांचा, कारण हे काम बहुधा त्यांच्याच वाट्याला येतं आणि त्या स्वतःचं काहीच सांगत नाहीत. तीस वर्षांवरील प्रत्येकीची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांमधून करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यासाठी पैसे पडत नाहीत. नवऱ्याच्या फाईली उचलून दोन वर्षं दवाखाने पालथे घालणाऱ्या किती बायकांनी स्वतःची ही तपासणी केलेली असते? रुग्णाची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करायला जिल्हा रुग्णालयात जाल त्याच दिवशी तिची तपासणीही करून घ्यावी, रक्तदाब आणि साखर पाहून घ्यावी, आणि यायला ती तयार नसेल तर रुग्णाने हट्ट धरावा. तिचे कागद त्याच पिशवीत, वेगळ्या फाईलमध्ये ठेवावेत.